डाव्या खांद्याचा दस्ता

बेडोक, सिंगापूर
१४ जुलै २०२४

प्रिय सरू,

इतके दिवस उत्तर दिलं नाही, माफ कर. कारण द्यायला गेले तर ते अर्धं खोटं होईल. कामं होती, पण कामं कधी नसतात? खरं म्हणजे तुझं पत्र वाचून मी आधी हसले, मग घाबरले, आणि मग ते उशाशी ठेवून बरेच दिवस नुसती त्याच्या शेजारी झोपले.

पाकिटावरचं अस्वलाचं तिकीट आधी अश्लेषाने पाहिलं, मग मागचं तुझं नाव. "हू इज शी, मम्मी?" मी म्हटलं, माझी कॉलेजातली मैत्रीण, सरोजिनी. सांगलीला आम्ही दोघी एनसीसीत होतो, शेजारीशेजारी पालथ्या पडून पॉइंट टू-टू रायफलने नेम धरायचो. मग ती टोरांटोला गेली, संसार केला, तो मोडला, आणि चाळिशी उलटल्यावर कॅनडाच्या पार उत्तरेला, युकॉनमध्ये एका नदीकाठी जाऊन राहिली. तिथे ती रोज पाण्याची पातळी मोजते, हिवाळ्यात बर्फाची जाडी मोजते. फोनला रेंज नाही. टपालाचं विमान येतं.

"अँड व्हॉट डझ शी वॉन्ट?"

"कुठली बंदूक घेऊ, असं विचारतेय."

पोरगी ओरडली, इथल्या बोलीचं 'लेह' हे शेपूट लावून. "मम्मी! यू वर्क इन कंप्लायन्स लेह!"

तिचं काही चुकलं नाही. बँकेत मी दिवसभर लोकांच्या कागदांवर शंका घेते, आणि या देशात विनापरवाना एक काडतूस घरात सापडलं तरी आयुष्याची माती. माझ्या वडिलांचं, अप्पांचं, मिरजेत बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. लपवलं असं नाही, विषय निघाला नाही. की मी तो निघू दिला नाही? या दोन्हींत फरक किती, याचा विचार करण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली.

आता तुझा प्रश्न. तो मी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजुतीत चूक असेल तर तू कान धरशील. मोजणीच्या जागेपर्यंत रोज चालत जाताना बंदूक बरोबर हवी. वाटेत ससा किंवा रानकोंबडी दिसली तर रात्रीच्या रश्शाची सोय व्हावी, आणि अस्वल समोर आलं तर जीव वाचावा. दोन बंदुका वागवणं तुझ्या पाच फुटी मूर्तीला झेपणार नाही. म्हणून एकाच दस्त्यावर, खांद्याला टेकवायच्या एकाच लाकडावर, दोन नळ्या, एक रायफलची आणि एक छर्र्यांची. त्यात दोन पर्याय आहेत. एक तुझा शेजारी अर्ल याची जुनी: वर पॉइंट टू-टूची बारीक नळी, खाली छर्र्यांची वीस बोअर, घोडा एकच, चापही एकच. घोड्याजवळचा खटका वर सरकवला की वरची नळी उडते, खाली सरकवला की खालची. ही हलकी. दुसरी गावातल्या दुकानातली, युरोपातून आलेली: वर छर्र्यांची बारा बोअर, खाली हरणाच्या शिकारीची रायफल, दोन नळ्यांना दोन वेगळे चाप. ही जड.

आपल्या दुकानात अशी बंदूक माझ्या आठवणीत एकदाच आली, कुणा जहागीरदारांच्या नातवाची. अप्पा तिला 'मिश्रविवाह' म्हणायचे. "एक बारीक बोलणार, दुसरा दणका देणार, आणि नांदायचं एकाच दस्त्यावर." मी विचारलं, मग चालतं कुणाचं? "खटका ज्याच्या बाजूला, त्याचं." दुकान सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी होतं. पलीकडे कुणी तार लावत असायचं, इकडे अप्पा रिकामा घोडा ओढून सोडायचे, आणि मला लहानपणी वाटायचं, ते त्या सतारीलाच साथ करतात.

अप्पांचा एकच नियम होता. "घरी राहते ते लाकूड. बरोबर येते ती बंदूक." म्हणून आधी वजन. दोन्हींचं वजन कळव. मी तेवढं ओझं खांद्यावर घेऊन इथे रोज चालून बघणार आहे. हसू नकोस. आपण दोघी एकाच चणीच्या, एकाच वयाच्या. माझा खांदा काय म्हणतो ते तुझ्या खांद्याला उपयोगी पडेल.

माझ्या डायरीच्या प्रत्येक पानाची शेवटची ओळ 'उद्या' या शब्दाने सुरू होते. पुढे एकच काम लिहायचं, म्हणजे तेवढं तरी होतं. आजचं इथेच लिहून टाकते. उद्या: घरातल्या लांब छत्र्या शोधणे.

तुझी,
मेधा

*

नदीकाठ, युकॉन
६ ऑगस्ट २०२४

मेधे,

माफी मंजूर. तुझ्या पत्राला इकडे यायला लागले तेवढ्या दिवसांत आमच्या नदीतले मासे समुद्रापासून इथवर पोहत आले.

अर्लची पावणेतीन किलो. दुकानातली साडेतीनच्या आसपास. काडतुसं वेगळी, पाण्याची बाटली वेगळी, माझं वय वेगळं.

सध्या इथे रात्र म्हणजे नुसता एक रंग आहे. झोपायला पडदे शिवलेत, जुन्या ब्लँकेटचे. उजेडात बाई वेडी होते म्हणतात, मला मात्र बरं वाटतं. सगळं स्वच्छ दिसतं. म्हणजे दिसायला हवं. काल चहा कपाच्या शेजारी ओतला, पूर्ण कपभर. टेबलाने एक शब्द न बोलता पिऊन टाकला.

तू विचारलं नाहीस, पण सांगते. दरवर्षी नोव्हेंबर संपेपर्यंत ऑफिसला कळवावं लागतं, पुढचं वर्ष इथे राहणार की शहरातल्या ऑफिसात येणार. मी एका शब्दात 'राहणार' लिहिते. यंदाही तेच लिहायचं आहे. म्हणून बंदुकीचं एकदा नक्की व्हायला हवं. इथे बंदुकीशिवाय राहणं म्हणजे चपलांशिवाय राहणं, होतं, पण लोक वेड्यात काढतात. सध्या अर्लची उसनी वापरते.

आणखी एक. दस्ता डावखुऱ्या माणसाला चालेल असा वळवता येतो का गं? अप्पा वळवायचे असं काहीतरी आठवतं. तेलाचं काहीतरी होतं. आठवत असलं तर लिही.

छत्र्या सापडल्या का?

सरू

*

बेडोक
२९ ऑगस्ट २०२४

प्रिय सरू,

अगं लबाड! दोनदा वाचलं, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. चहा शेजारी ओततेस. उजेडात वेड लागत नाही म्हणतेस. आणि हा डावखुरा माणूस कोण? तू तर उजवी. एनसीसीत डावा डोळा मिटून, जिभेचं टोक बाहेर काढून नेम धरायचीस, मला अजून दिसतं ते. म्हणजे बंदूक दोघांत मिळून घ्यायची चालली आहे. मी यशोधनला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "अर्ल, दुसरा कोण? बंदूक उसनी देणाऱ्याचा हेतू कधी साधा नसतो." नवरा आयटीतला असला तरी अशा बाबतीत त्याचं डोकं चालतं. आता सरळ सांग, बार कधी उडवताय? मी लग्नाच्या बाराबद्दल बोलतेय, बंदुकीच्या नाही. मिश्रविवाहाची बंदूक आहेरात मी देणार. नुसतं मनातून हं, इथून पाठवली तर मला अक्षता टाकायला तुरुंगातून यावं लागेल.

छत्र्या सापडल्या. लांब दांड्याच्या दोन. एकीवर एक ठेवून जुन्या साडीच्या काठाने आवळून बांधल्या, वरची बारीक, खालची जाड. वजन भरायला आत हिरव्या मुगाच्या पिशव्या खोचल्या. स्वयंपाकघरातल्या काट्यावर बरोबर पावणेतीन. तेव्हापासून ऑफिसला जाताना आणि परत येताना ती माझ्या खांद्यावर असते, आणि रविवारी सकाळी बेडोक जलाशयाला एक फेरी मारते.

काय सांगू तुला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वजन जाणवेनासं झालं आणि रस्ता बदलला. इथे सकाळी सातलाही हवा अंगाला चिकटते, पण तो दस्ता खांद्याला लागला की मला थंड वाटायला लागतं. ब्लॉकच्या खालच्या मोकळ्या जागेत बर्फ साठलाय असं एकदा स्वप्नात पाहिलं. म्हाताऱ्या काकांची बुद्धिबळाची टेबलं बर्फात अर्धी बुडालेली, आणि तू त्यातून काठी टोचत जाडी मोजत येतेस. जलाशयाकाठी रानकोंबडा दिसला, आता आमच्याकडे बरेच झालेत. मी थांबले. खांद्यावरून छत्र्या उतरवल्या नाहीत. नुसता विचार केला: बारीक नळी, खटका वर. कोंबड्याने माझ्याकडे बघितलं आणि आपल्या कामाला लागला.

मंगळवारी फजिती झाली. सध्या इथे भुतांचा महिना चालू आहे, चिनी लोक आपल्या पितरांसाठी फुटपाथच्या कडेला कागदाच्या वस्तू जाळतात. धुरातून चालत स्टेशनवर आले आणि एक पिशवी फाटली. बेडोकच्या फलाटावर हिरवे मूग. टणटण उड्या मारत गेले गं, छर्र्यांसारखे, लोकांच्या बुटांमधून पार पिवळ्या रेघेपर्यंत. स्टेशनवरचे गणवेशातले काका आले. "आंटी, व्हॉट इज धिस?"

"ग्रीन बीन्स."

"इन्साइड अम्ब्रेला?"

"येस."

"फॉर व्हॉट?"

आता काय सांगू? खरं सांगितलं तर गाडी थांबेल. म्हटलं, "एक्सरसाइज." ते माझ्याकडे बघून हसले, "वा, आंटी, स्ट्राँग अह," आणि झाडू घेऊन आले. मीही वाकून गोळा केले. ऑफिसात दिवसभर विचार करत होते, मी खोटं बोलले का? व्यायाम तर झालाच होता. पण त्यांनी विचारलं होतं कशासाठी, आणि ते मी सांगितलं नाही. अश्लेषाला संध्याकाळी सांगितलं, तर म्हणाली, "मम्मी, प्लीज टेक डिफरंट ट्रेन फ्रॉम मी."

तर माझा सल्ला: अर्लची घे. पावणेतीन किलो माझ्या खांद्याने हसत पेललं. रोज बरोबर येईल, घरी राहणार नाही. दस्त्याचं मात्र तूर्त सांगत नाही. आधी नवरदेवाचं नाव, मग तेल.

उद्या: मूग नवीन आणणे, पिशवी दुहेरी करणे.

तुझी,
मेधा

*

नदीकाठ
२ ऑक्टोबर २०२४

मेधे,

'बार उडवणे' म्हणजे काय ते अर्लच्या बायकोला समजावून सांगितलं. ती पोट धरून हसली, मग अर्लला सांगितलं, मग तो हसला, मग त्याला ठसका लागला. दोघं पणजी-पणजोबा आहेत. अर्ल उजव्या हाताने लाकडं फोडतो, उजव्या हाताने मासे सोलतो. नवरदेव हातचा गेला.

डावखुरा माणूस मीच आहे.

उजव्या डोळ्याला मार्चपासून माशी दिसत नाही. नळीच्या टोकावरची माशी, जिच्यावर नेम धरायचा ती. डावा डोळा मिटला की मधोमध धुक्याचा एक गोळा असतो, उजवीकडे पार कडेपर्यंत पसरलेला. वर आणि डावीकडे झाडं, आकाश, सगळं जागच्या जागी. मधे काही नाही. एप्रिलमध्ये इथल्या गावात गेले तेव्हा डॉक्टरांना दाखवलं. पडद्याचं दुखणं आहे, गेलेलं परत येणार नाही म्हणाले. डावा ठणठणीत आहे. कप आणि चहा यांची भेट त्यामुळेच चुकते, अंतर कळत नाही.

ऑफिसला सांगितलेलं नाही. सांगितलं तर शहरात बोलावतील, संगणकापुढे बसवतील, खिडकीतून मोटारी दिसतील. मेधे, टोरांटोत मी कित्येक वर्षं रात्री छताकडे बघत काढली. इथे आल्यावर पहिल्याच रात्री झोपले. नदी रात्रभर बोलते, आणि तिला माझ्याकडून उत्तर नको असतं. हे सोडून जायचं म्हणजे काय, ते मला नीट लिहिताही येत नाही.

आता ऐक, आणि लगेच घाबरू नकोस, कारण हे घडून गेलं आहे. तुझं पत्र यायच्या आदल्या आठवड्यात मोजणीवरून परत येत होते. अर्लची बंदूक हातात, खालच्या नळीत अस्वलासाठीचं शिशाच्या एकाच गोळ्याचं काडतूस, वर पॉइंट टू-टू. वाटेच्या उजवीकडे लाल बोरांच्या झुडपात अस्वल होतं. उजवीकडे, म्हणून उशिरा दिसलं. मोठं नव्हतं, पण अस्वल होतं. खटका खाली हवा. अंगठ्याला हातमोज्यातून कळेना वर आहे की खाली, आणि नेमासाठी डावा डोळा मिटलेला, मान खाली घालून बघितलं तर तिथे धुकं. मी सरकवला. वाटलं खाली गेला. अस्वल पुढे यायला लागलं तेव्हा चाप ओढला.

'टिक.' दिवाळीत सर्दलेली टिकली वाजते तसा आवाज. वरची नळी उडली. गोळी मागाहून अर्लला एका झाडाच्या खोडात सापडली.

अस्वल थांबलं. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिलं. मग मी वेळ घालवण्याच्या लायकीची नाही असं ठरवून बोरांकडे परत गेलं. मी उलट्या पावली घरी आले. रात्री तुझा तो मिश्रविवाह आठवला. खटका ज्याच्या बाजूला, त्याचं चालतं.

तुझा सल्ला त्यानंतर आला. तेव्हा तुला काही वाटून घ्यायचं कारण नाही. तू वाटून घेणार, माहीत आहे.

तेलाचं सांग.

सरू

*

बेडोक
२५ ऑक्टोबर २०२४

प्रिय सरू,

वाटून घेतलंच.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि मग माझं जुनं पत्र जसंच्या तसं आठवायचा प्रयत्न केला. तुझ्या चहावर मी हसले होते. तू मला कपाच्या बाहेर ओतलेल्या चहात सगळं सांगितलं होतंस, आणि मी त्यात नवरदेव शोधला. असं का? कारण मला तो हवा होता. तू तिथे एकटी नाहीस असं मानलं की मला इथे सुखाने झोपता येतं. इतकं साधं होतं ते.

पण रडगाणं पुरे. तुला बंदूक हवी आहे.

दुकानातली घे, दोन चापांची. मी वजनाचा विचार केला, बोटांचा केला नाही. अप्पा म्हणायचे, चाप बोटाचा आणि नेम डोळ्याचा, एकाचं काम दुसऱ्याला सांगू नये. खटक्याला बघावं लागतं. दोन चापांना नाही. पुढचा ओढला तर एक नळी, मागचा ओढला तर दुसरी, बोट अंधारातही चुकत नाही. शिवाय त्या बंदुकीत दोन्ही नळ्या अस्वलाच्या लायकीच्या आहेत. अर्लच्या बंदुकीत अस्वलासाठी खरा बार एकच होता. हे मला जुलैतच कळायला हवं होतं. ससे बारा बोअरने मारशील, रस्सा थोडा छर्रेदार होईल, दात सांभाळ. दुकानात जाशील तेव्हा हिवाळ्याचे हातमोजे घालून जा. दोन चापांमध्ये मोज्यातलं बोट सुटसुटीत फिरतं का, ते आधी बघ. फिरत नसेल तर घेऊ नकोस, मग दुकानदार काहीही म्हणो.

आता तेल. उजव्या माणसाच्या बंदुकीचा दस्ता सरळ नसतो, मागचं टोक किंचित उजवीकडे झुकवलेलं असतं, म्हणजे गाल टेकवला की डोळा आपोआप नळीच्या रेषेत येतो. तुझा डावीकडे झुकायला हवा. अप्पा दस्ता बंदुकीपासून सोडवून शिकंज्यात धरायचे. मनगटासारखा बारीक भाग असतो ना, त्याला फडकं गुंडाळायचं आणि त्यावर गरम जवसाचं तेल पळीने ओतत राहायचं. उकळतं नाही, गरम. बराच वेळ. मग हळूहळू शिकंजा एका बाजूला ओढायचा, आणि तसाच ठेवून द्यायचा, दुसऱ्या दिवशीपर्यंत हात लावायचा नाही. गल्लीभर जवसाचा वास सुटायचा, आणि समोरचे सतारवाले विचारायचे, "आज कुणाचा खांदा?" लाकडाला चीर असेल तर हे करायचं नाही. आणि तू एकटीने तर मुळीच करायचं नाही, जाणकाराकडून करून घे.

गेले काही दिवस ऑफिसातही तो वास येतो मला. दिवाळीच्या फराळाच्या तेलाचा असेल. पण मी डोळे मिटते आणि तो जवसाचाच असतो.

पुढचं लिहू की नको, यावर दोन दिवस गेले. मला कुणी विचारलेलं नाही. माझा धंदाच लोकांनी न सांगितलेलं हुडकण्याचा, त्यामुळे हे माझं प्रेम बोलतंय की माझी नोकरी, हेही मला नक्की सांगता येत नाही. तरी लिहिते. ऑफिसला सांग. तू नदीची पट्टी वाचतेस. ती कुठल्या डोळ्याने वाचतेस हे तुझ्या आकड्यांवर विसंबणाऱ्यांना कळायला हवं. खालच्या अंगाला नदीकाठी माणसं राहतात. आणि उजवीकडून येणारं पुढचं अस्वल बोरं खाऊन तृप्त असेल याची खात्री मला कुठलीच बंदूक देत नाही. तू सांगितलंस आणि त्यांनी तुला शहरात नेलं, तर त्याला मी कारण होईन. तू माझ्याशी आयुष्यभर बोलली नाहीस तरी चालेल, असं लिहिणार होते. चालणार नाही. तरीही सांग.

मी कुणाला काही कळवणार नाही. ते तुझं आहे.

उद्या: हे पत्र पेटीत टाकणे, फाडायच्या आत.

तुझी,
मेधा

*

नदीकाठ
३० नोव्हेंबर २०२४

मेधे,

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते चुलीत घालणार होते. घातलं नाही, कारण त्यात तेलाची कृती होती.

चार-पाच दिवस तुझ्याशी मनात भांडले. स्वयंपाक करताना, बर्फ खणताना, मोठ्याने. अर्लच्या बायकोने विचारलं, कुणाशी बोलतेस? म्हटलं, एका छत्रीवालीशी. मग तिलाच सगळं सांगितलं. डोळ्याचंही. ती म्हणाली, "मला उन्हाळ्यातच कळलं होतं, तू माझ्या कपाबाहेरही चहा ओतलास."

सॅटेलाइट फोन अडीअडचणीसाठी असतो. त्यावरून ऑफिसला सांगितलं. ही अडचणच होती.

पुढच्या विमानाने दोघं आले. माझ्याशी गोड बोलले, त्यामुळे मी घाबरले. पट्टीवरचे आकडे डाव्या डोळ्याने वाचायला लावले, लांबून, जवळून, उन्हात, सावलीत. त्यांनी वेगळे लिहून घेतले, मी वेगळे सांगितले. जुळले. मग ते नदीकडे बघत आपापसात खूप वेळ बोलले, आणि ते माझ्या उजवीकडे उभे असल्यामुळे मला त्यांचे चेहरे दिसत नव्हते.

राहायचं आहे. अटी आहेत. दर काही महिन्यांनी डोळा दाखवायचा. अस्वलं जागी असतील त्या महिन्यांत मोजणीला एकटीने जायचं नाही. म्हणजे वसंतापासून अर्लची बायको बरोबर येणार. ती चालताना इतकी बोलते की अस्वलंच परवाना काढून बंदूक घेतील. यंदा अर्जात 'राहणार' घाईघाईने लिहिलं. अक्षर वाचता येत नाही, तरी त्यांनी घेतलं.

बंदूक घेतली. हातमोज्यातलं बोट फिरतं. दस्ता गावातल्या जाणकाराने वळवला, अर्ल पळी धरून शेजारी उभा होता. त्याला पद्धत माहीत होती, पण 'आज कुणाचा खांदा' हे मी त्याला शिकवलं, मराठीतून. तो आता मला रोज तसंच विचारतो. दुकानात जवसाचा वास होता, आणि मला तुमच्या दारातला तो लाकडी बाक आठवला, ज्यावर बसून आपण उन्हाळ्यात बर्फाचा गोळा खायचो.

एकच अडचण आहे. माझा उजवा खांदा विसरत नाही. काही हललं की बंदूक आपोआप उजवीकडे जाते, गाल टेकतो, आणि समोर धुकं. मग लक्षात येतं. रोज घरामागे रिकामी बंदूक घेऊन उभी राहते आणि डावीकडे न्यायचा सराव करते. वसंतात अस्वलं उठायच्या आत हे अंगात मुरायला हवं. अशी सवय मोडून दुसरी लागायला किती दिवस लागतात? अप्पा असते तर त्यांना विचारलं असतं.

तुझ्याशी बोलत नाहीये असं समज.

सरू

*

बेडोक
११ जानेवारी २०२५

प्रिय न बोलणाऱ्या सरू,

कालपासून पाऊस थांबलेला नाही. जानेवारीत इथे अशा एक-दोन झडी येतात, आकाश खाली येऊन गॅलरीच्या कठड्यावर बसतं. तुझं पत्र टपालपेटीतून काढलं आणि लिफ्टची वाटही न बघता तिथेच, ब्लॉकखाली उभी राहून वाचलं. 'राहायचं आहे' वर आले आणि पुढचं दिसेना. म्हाताऱ्या काकांपैकी एकाने प्यादं हातात तसंच धरून विचारलं, "बॅड न्यूज अह?" म्हटलं, "नो अंकल. गुड." त्यांनी मान हलवली आणि प्यादं ठेवलं. समोरच्याने ते लगेच मारलं.

काल संध्याकाळी स्टेशनपासून घरापर्यंत चिंब भिजत आले. अश्लेषाने दार उघडलं.

"मम्मी, यू आर कॅरिंग टू अम्ब्रेलाज. व्हाय यू सो वेट?"

"त्या छत्र्या नाहीत."

तिने टॉवेल आणला, मग ते गाठोडं माझ्या खांद्यावरून उतरवून घेतलं, आणि हातात धरून म्हणाली, "हेवी लेह." मग पहिल्यांदाच नीट विचारलं, आजोबांच्या दुकानाबद्दल. मी सांगत बसले. भात लागला. यशोधनने नूडल्स आणल्या.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही. अप्पांकडे एकदा एक शिकारी आला होता, उजवा हात मोडलेला. त्याला अप्पा काहीतरी सांगत होते, किती दिवस आणि कसं, पण मी तेव्हा बाकावर बसून सतार ऐकत होते. किती वेळा डोळे मिटून तिथे परत जायचा प्रयत्न केला. तेलाचा वास येतो, तार लागते, अप्पांचे ओठ हलताना दिसतात, शब्द येत नाहीत. बनवून सांगू शकले असते. तुला खरंही वाटलं असतं.

म्हणून दुसरा उपाय. गाठोड्यात आणखी मूग घातले आहेत, आता ते साडेतीन किलो आहे, तुझ्या नव्या बंदुकीएवढं. आजवर ते रोज उजव्या खांद्यावरून नेलं, आणि माझ्या उजव्या खांद्यालाही आता त्याशिवाय चैन पडत नाही, तुझ्यासारखंच. तेव्हा आजपासून आपण दोघी बरोबर. ज्या दिवशी माझा हात न सांगता डावीकडे जाईल, त्या दिवशी तुला कळवेन. तुझा आधी गेला तर तू कळव.

उद्या: छत्र्या डाव्या खांद्यावर.

मेधा